बीनचे संगीत सतारीवर : एका वाद्यांतराचा इतिहास

एखादे वाद्य प्रचारातून मागे पडले म्हणजे त्याचे संगीतही त्याच्याबरोबर नाहीसे होते, असे नाही. पुष्कळदा ते दुसऱ्या वाद्याच्या आश्रयास जाते आणि तेथे नव्या हातांनी, नव्या ध्वनीत नांदू लागते. असे झाल्यावर एक प्रश्न मात्र उरतोच. आश्रयास आलेले ते संगीत मूळचेच राहते, की केवळ नाव जुने राहून वस्तू नवी होते? हा प्रश्न केवळ वादकांचा नव्हे. ज्या परंपरांना लेखनाचा आधार नाही त्यांचा इतिहास कसा लिहावा, याच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. बीनचे म्हणजे रुद्रवीणेचे संगीत सतारीवर कसे आले आणि या घडामोडीत महाराष्ट्राचा वाटा कोणता, याचा विचार या दृष्टीने करणे उचित ठरेल.

१

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी प्रथम युरोपातील एका समांतर घटनेकडे पाहणे उपयुक्त आहे. सोळाव्या व सतराव्या शतकांत ल्यूट हे तेथील सुसंस्कृत घरांतील व दरबारांतील प्रमुख तंतुवाद्य होते. इ. स. १५०७ मध्ये व्हेनिस येथे पेत्रुच्ची या मुद्रकाने स्पिनाचीनोच्या ल्यूटरचना छापल्या, आणि पुढे इंग्लंडात जॉन डाउलंड (१५६३–१६२६) याच्या काळापर्यंत या वाद्याचे वाङ्मय विपुल झाले. जर्मनीत वाइस (१६८७–१७५०) हा या परंपरेतील अखेरच्या थोर वादकांपैकी एक होय. त्यानंतर ल्यूट लवकरच मागे पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील किलेझोत्ती याने जुन्या ल्यूटग्रंथांचे लिप्यंतर करण्यास प्रारंभ केला. इंग्लंडात डोल्मेच याने १८९३ मध्ये ल्यूट नव्याने घडविले. पण या संगीताचा मोठा प्रसार झाला तो गिटारवर. आधुनिक गिटारच्या तिसऱ्या तारेचा स्वर अर्ध्या स्वराने उतरविला की तिच्या तारांमधील अंतरे जुन्या सहा जोडतारांच्या ल्यूटप्रमाणे होतात. तिसऱ्या पडद्यावर आडपट्टी बांधली की स्वराची उंचीही जवळपास जुळते. एवढ्या सोप्या उपायाने चारशे वर्षांपूर्वीचे लेख हाताखाली येतात.

हे शक्य झाले ते त्या लेखांच्या विशिष्ट लिपीमुळे. ल्यूटची लिपी स्वराचे नाव सांगत नाही. कोणत्या तारेवर, कोणत्या पडद्यावर बोट ठेवावे एवढेच ती सांगते. ती उच्चाराची नव्हे, तर अवयवांच्या हालचालीची लिपी आहे. त्यामुळे वाजविण्याची परंपरा तुटली तरी बोटांची जागा उरली. हरवली ती गोष्ट निराळी होती : आघाताचे बळ, विरामाची लांबी, अलंकारांची रीत, तारेच्या नादाचा पोत. मृत भाषेचा कोश व व्याकरण उपलब्ध असावे, पण ती बोलणारा एकही मनुष्य उरू नये, तशी ही स्थिती होती. अशा स्थितीत भ्रमही उत्पन्न होतात. विसाव्या शतकात मेक्सिकोचा रचनाकार पोन्से याने जुन्या शैलीत रचलेली एक मालिका सेगोव्हिया हा थोर गिटारवादक वाइसच्या नावाने वाजवीत असे, आणि ती पुष्कळ काळ वाइसचीच मानली गेली. लेखनाधार असलेल्या परंपरेतही नावाची खूण किती फसवी ठरते, हे यावरून दिसते.

२

भारतात स्थिती नेमकी उलट आहे. येथे बीनवादनाची परंपरा क्षीण झाली तरी अखंड राहिली. मात्र तिचा असा लेख कधीच नव्हता. म्हणून या इतिहासाचा पहिला पुरावा शब्दांत शोधावा लागतो.

'वीणा' हा शब्द प्राचीन काळी धनुष्याकृती वाद्यापासून दांडी व भोपळ्यांच्या वाद्यापर्यंत अनेक वस्तूंना लावला जात असे. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथाच्या वाद्याध्यायात एकतंत्री, आलापिनी, किन्नरी इत्यादी वीणांचे वर्णन आहे. त्यांपैकी किन्नरीच्या दांडीवर मेणाने बसविलेले पडदे असत. भोपळ्यांवर तोललेली दांडी व मेणात बसविलेले पडदे हीच बीनची मूळ घडण होय. म्हणजे बीनच्या पूर्वजांचे एक महत्त्वाचे वर्णन महाराष्ट्राच्या भूमीवर लिहिले गेले. पुढे या भूमीत त्या शब्दाचा प्रवास मोठा लक्षणीय झाला. 'किन्नरी'चे 'किनरी', 'किंगरी' झाले आणि ते नाव गावोगाव फिरून कथा गाणाऱ्या भिक्षेकऱ्यांच्या वाद्याला राहिले. 'वीणा' हा शब्द मराठीत वारकऱ्यांच्या वीणेसाठी रूढ झाला. अखंड नामसप्ताहात वीणेकऱ्याच्या हातून जी खाली ठेवली जात नाही, ती वीणा केवळ आधारस्वर देते. तीवर राग विस्तारला जात नाही. राग विस्तारण्याचे वाद्य मात्र 'बीन' या उत्तरेकडून आलेल्या रूपानेच मराठीत ओळखले जाऊ लागले. 'बीन' हे 'वीणा' या शब्दाचेच हिंदी रूपांतर. एकाच मूळ शब्दाची ही दोन रूपे मराठीत दोन निरनिराळ्या सामाजिक थरांतील दोन वाद्यांची नावे झाली. हिंदीत तर गारुड्याच्या पुंगीलाही 'बीन' म्हणतात.

'सतार' या शब्दाची कथा वेगळी. मूळ फारसी 'सेहतार' म्हणजे तीन तारांचे. तारांची संख्या वाढून सात झाली, तरफांची भर पडली, तरी नावातील तीन तशीच राहिली. 'गिटार' व 'सतार' ही नावे उच्चारसाम्यामुळे एकाच 'तार' शब्दापासून निघाली असे कित्येकदा सांगितले जाते. परंतु गिटारचे नाव ग्रीक 'किथारा'पर्यंत मागे जाते, आणि 'ल्यूट' हे अरबी 'अल्-ऊद' याचे रूप आहे. केवळ ध्वनिसाम्यावर नाते ठरवू नये, हा भाषाभ्यासातील पहिला धडा वाद्यांच्या इतिहासातही लागू पडतो.

सतारीचा शोध अमीर खुसरोने लावला ही समजूत अद्याप आढळते. खुसरो १३२५ मध्ये निवर्तला. सतारीचा स्पष्ट उल्लेख मात्र त्यानंतर चारशे वर्षांनी, मुहम्मदशाहाच्या काळातील दिल्लीच्या वर्णनात, दरगाह कुली खानाच्या लेखनात सापडतो. हाच तो काळ, ज्यात निअमत खाँ 'सदारंग' हा मुहम्मदशाहाच्या दरबारचा प्रसिद्ध बीनकार ख्यालाच्या रचना करीत होता. म्हणजे सतारीचा उदय बीनच्या ऱ्हासकाळात नव्हे, तर तिच्या वैभवाच्याच छायेत झाला.

३

बीनचे संगीत सतारीकडे कसे गेले? प्रारंभी सतार ही गतीचे वाद्य होती. विलंबित तीनतालात बाराव्या मात्रेपासून उठणारी मसीतखानी गत आणि द्रुत लयीतील रझाखानी गत हे तिचे मुख्य साहित्य होते. तालाविना केलेला सविस्तर आलाप हा बीन व रबाब यांचा अधिकार मानला जाई. या अधिकारामागे केवळ वाद्याची क्षमता नव्हती, समाजव्यवस्था होती. बीनची विद्या तानसेनाच्या कन्यावंशातील म्हणविणाऱ्या घराण्यांत प्रामुख्याने आपल्याच मुलांना दिली जाई. बाहेरच्या शिष्याला तीच विद्या द्यावयाची झाल्यास ती दुसऱ्या वाद्यावर दिली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उमराव खाँ या बीनकाराने आपला शिष्य गुलाम मुहम्मद याजसाठी सूरबहार हे मोठ्या सतारीसारखे वाद्य सिद्ध केले, असे परंपरा सांगते. तपशिलांबद्दल मतभेद होऊ शकतील. परंतु या कथेतील सामाजिक तर्क खरा आहे, कारण पुढेही तसेच घडलेले दिसते. रामपूरचे बीनकार वझीर खाँ (१८६०–१९२६) यांनी अल्लाउद्दीन खाँ यांना शिकविले ते सरोदवर, बीनवर नव्हे.

याचा परिणाम विचार करण्यासारखा आहे. वंशाची मर्यादा राखण्यासाठी विद्या दुसऱ्या वाद्यावर दिली गेली, आणि त्या मर्यादेनेच विद्येचा प्रसार झाला. वाद्य घराण्यात राहिले. संगीत मात्र घराण्याबाहेर पडले. इमदाद खाँ (१८४८–१९२०) यांच्या पिढीत सूरबहारवर आलाप व जोड आणि मग सतारीवर गत, अशी दोन वाद्यांची जोडी प्रचारात होती. विसाव्या शतकात सतारीची घडण अशी सुधारली गेली की दोन्ही कामे एकाच वाद्यावर होऊ लागली. विलायत खाँ (१९२८–२००४) यांनी गायकी अंगाच्या मींडेसाठी तारांची योजना बदलली. रविशंकर (१९२०–२०१२) यांनी खर्जाच्या जाड तारा राखून बीनच्या मंद्र विस्ताराला जागा ठेवली. अशा खर्जतारांच्या सतारीच्या मुख्य तारा मध्यम, षड्ज, पंचम, खर्जषड्ज या क्रमाने लागतात. बीनच्या मुख्य चार तारांचा क्रमही हाच. गिटारची तिसरी तार उतरविणाऱ्या युरोपीय वादकाने जे केले, तेच येथे दुसऱ्या मार्गाने झाले. जुन्या संगीताला वाट मिळावी म्हणून नव्या वाद्याच्या तारा बदलल्या गेल्या.

४

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध तीन अंगांनी येतो : वादक, कारागीर आणि शास्त्रकार.

बंदे अली खाँ हे एकोणिसाव्या शतकातील सर्वांत नामांकित बीनकारांपैकी एक. ग्वाल्हेर व इंदूर या मराठी संस्थानांशी त्यांचा संबंध आला आणि त्यांचा अंत पुण्यात झाला. किराणा घराण्याच्या गायकीवर त्यांच्या बीनची छाया पडली, असे सामान्यतः मानले जाते. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेस स्थायिक झाले. ते स्वतः बीनही वाजवीत. स्वराला एकेक करून, मींडेने, सावकाश स्पर्श करण्याची त्यांची रीत बीनच्या आलापाची आठवण करून देते. म्हणजे महाराष्ट्रात बीनच्या संगीताचा पहिला आश्रय सतार नव्हे, तर कंठ ठरला. बंदे अली खाँ यांच्या शिष्यपरंपरेतील इंदूरचे बाबू खाँ यांच्याकडून तालीम घेतलेले अब्दुल हलीम जाफर खाँ (१९२७–२०१७) मुंबईत वाढले आणि तेथेच त्यांनी सतारीचा आपला 'जाफरखानी बाज' सिद्ध केला. बीनकाराची विद्या सतारीवर आल्याचे हे मुंबईतील ठळक उदाहरण होय.

मिरजेतील कारागिरांचे कार्य तितकेच मोलाचे. शस्त्रांना धार देणाऱ्या शिकलगारांच्या कुळांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, आणि पुढे 'सतारमेकर' हेच त्यांचे आडनाव झाले. भोपळे भीमेच्या खोऱ्यातून, पंढरपूरच्या परिसरातून येत. लढाईचे दिवस संपले तेव्हा शस्त्रकारांनी तुंब्याला हात घातला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कारागिरी सतार व तंबोऱ्याकडे वळली हे बाजाराच्या मागणीला धरूनच झाले. बीनला मागणीच नसल्यामुळे बीन घडविणारे हात थोडे राहिले, आणि चांगली बीन मिळेनाशी झाली म्हणून शिकणारेही घटले. वाद्याचा ऱ्हास असा दोन्ही बाजूंनी वाढत जातो.

शास्त्रकारांत पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे नाव येथे घ्यावे लागते. तरुणपणी मुंबईत त्यांनी सतारीचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'ने शेकडो बंदिशी स्वरलिपीत आणल्या. परंतु ही स्वरलिपी स्वराचे नाव व मात्रा सांगते. मींड कोणत्या पडद्यावरून निघाली, तार किती ओढली, आघात कोणत्या बोटाचा, हे ती सांगत नाही. बंदिशीच्या जतनाला ती पुरेशी ठरली. बीनच्या आलापाला पुरी पडणारी नव्हती. ल्यूटच्या लिपीने बोटे राखली आणि नाद गमावला. भातखंड्यांच्या लिपीने स्वर राखले आणि बोटे सोडून दिली.

५

आता मूळ प्रश्नाकडे यावे. सतारीवर आलेले बीनचे संगीत कितपत मूळचे आहे? याचे उत्तर दोन वाद्यांच्या घडणीतील भेदांत शोधले पाहिजे.

पहिला भेद उजव्या हाताचा. सतारीवर तर्जनीतील एका नखीने 'दा' व 'रा' हे आत-बाहेरचे आघात होतात; त्यामुळे द्रुत लयीत 'दिर दिर'ची अखंड साखळी बनते. बीनवर तर्जनी व मध्यमा यांचे स्वतंत्र आघात असतात आणि कनिष्ठिका चिकारी छेडते. म्हणून बीनच्या जोडात आघात विरळ, पण प्रत्येक आघातानंतरचा नाद दीर्घ असतो. सतारीवर ती विरळता टिकवावयाची तर वादकाने सतारीचा स्वभाव आवरून धरावा लागतो. दुसरा भेद तारेचा. बीनची तार जाड, षड्ज खालचा, घोडी रुंद. एका आघातात अनेक स्वरांची मींड काढली तरी नाद विझत नाही. तिसरा भेद पडद्यांचा. मेणात बसविलेले बीनचे पडदे अचल असतात. सतारीचे धाग्याने बांधलेले पडदे रागानुसार सरकविता येतात. चौथा भेद तरफांचा. सतारीच्या तरफा प्रत्येक स्वराला प्रतिध्वनी जोडतात, आणि स्वरांच्या मधले जे मौन बीनच्या आलापात अर्थपूर्ण असते ते त्यांनी भरून जाते.

या भेदांचा ठसा परिभाषेवर उमटला आहे. आलापाच्या बारा अंगांत ठोक, लडी, लडगुथाव, लडलपेट, परन अशी नावे येतात. सतारवादकही ही नावे घेतात. परंतु ज्या विशिष्ट हस्तक्रियांना अनुलक्षून ती पडली, त्या सतारीवर जशाच्या तशा होऊ शकत नाहीत. परिणामी 'ठोक' म्हणजे जोरकस आघात, 'लडी' म्हणजे आघातांची माळ, असा सैल अर्थ रूढ झाला. एका भाषेतील शब्द दुसरीत गेला म्हणजे त्याचे ध्वनिरूप टिकते आणि अर्थाच्या कडा झिजतात, तसाच हा प्रकार आहे. याउलट आलाप, जोड, झाला हा क्रम, म्हणजे या संगीताची वाक्यरचना, सतारीवर जवळजवळ अक्षत आली. व्याकरण टिकले, उच्चार बदलला, असा निष्कर्ष काढावा लागतो.

हा निष्कर्ष समाधानकारक वाटेल. पण त्यात एक धोका आहे. उच्चार गौण मानावा, तर बीन नसली तरी चालेल असे म्हणावे लागेल. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत व्यवहारात तसेच मानले गेले. १९०२ पासून सुरू झालेल्या ध्वनिमुद्रणाच्या तीन मिनिटांच्या तबकडीत बीनचा आलाप मावत नव्हता. मोठ्या सभागृहात तिचा मंद नाद पोहोचत नव्हता. १९४७–४८ नंतर संस्थाने विलीन झाली आणि तिचा आश्रयही गेला. सतारीने तिचे संगीत आत्मसात केले आहे, ही सबब तयारच होती. ज्या आश्रयाने संगीत वाचले, त्याच आश्रयाने वाद्य अनावश्यक ठरविले.

या प्रवाहाविरुद्धचे महत्त्वाचे कार्य ठाण्याच्या खाडीच्याच परिसरात झाले. उदयपूरच्या दरबारी परंपरेतून आलेले झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) मुंबईत चेंबूर येथे राहिले, आणि पनवेलजवळ पळस्पे येथे त्यांचे गुरुकुल उभे राहिले. त्यांनी बीनची दांडी जाड व भोपळे मोठे करवून घेतले आणि नखीचा त्याग करून बोटांनी वाजविण्याची रीत धरली. नाद अधिक खोल व दीर्घ झाला. ध्वनिवर्धकाच्या साहाय्याने तो सभागृहातही ऐकू येऊ लागला. म्हणजे जुने संगीत राखण्यासाठी त्यांनी जुने वाद्यही जसेच्या तसे ठेवले नाही. त्यांचे पुत्र बहाउद्दीन डागर यांचे शिक्षण प्रथम सतारीवर, मग सूरबहारवर आणि शेवटी रुद्रवीणेवर झाले. एकोणिसाव्या शतकात विद्या बीनकडून सूरबहारकडे व तेथून सतारीकडे गेली. येथे ती त्याच पायऱ्यांनी परत चढली. सतारीवर व्याकरण खरोखरच टिकले होते, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

६

यावरून काही गोष्टी सिद्ध होतात. वाद्यांतर हा ऱ्हासही नव्हे आणि निव्वळ जतनही नव्हे. तो भाषांतरासारखा व्यवहार आहे. भाषांतराचा खरेपणा मूळ ग्रंथ हाती असेपर्यंत तपासता येतो; मूळ नष्ट झाले की भाषांतरच मूळ म्हणून मिरवू लागते. ल्यूटच्या बाबतीत लेख उरले होते, म्हणून पोन्सेची मालिका वाइसची नव्हे हे अखेर ठरविता आले. बीनच्या बाबतीत तो लेख म्हणजे वाजणारी बीन होय. तिच्यावाचून सतारीवरील 'बीनकारी' ही केवळ एक उपाधी होऊन बसेल. तिच्यात बीनचे किती आणि सतारीचे किती, हे सांगण्याचे साधन उरणार नाही.

ठाण्याच्या कोपरीत राहून सतार शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या इतिहासाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग इतकाच की, तो जो जोड वाजवितो तो कोठून आला, त्यात त्याच्या नखीने काय भर घातली आणि काय वगळले, हे त्याला कळावे. त्यासाठी त्याने सतार सोडून बीन धरली पाहिजे, असे नाही. बीन ऐकली मात्र पाहिजे, आणि तीही खाडीपलीकडे, एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहे. परंपरा जिवंत असताना तिची साक्ष घेणे सोपे असते. ती साक्ष न घेता गेलेल्या पिढ्यांना पुढे केवळ नावांवरून अनुमाने बांधावी लागतात, आणि 'किन्नरी'ची 'किंगरी' कशी झाली हे शब्द सांगतो. ती किन्नरी वाजत कशी होती, हे तो सांगत नाही.